कवितेच्या आधीचं बोलणं

डग्लस पिकरिल यांना सरळ मुद्द्यावर येता येत नसे. ड्रिल मशीन मागायला आले तरी आधी भिंतीची कुळकथा सांगत. ती भिंत कुणी बांधली, बांधणाऱ्याचा मेहुणा किती आळशी होता, त्या मेहुण्याच्या लग्नात वाजंत्रीवाले कसे वाट चुकले, आणि मग पाव तासाने, तर मला एक भोक पाडायचं आहे. तोवर माझा कुकर शिट्ट्या देऊन गप्प झालेला असे. निखिल, म्हणजे माझा नवरा, आतल्या खोलीतून हाताने विचारी, गेले का? मी मानेनेच सांगे, छे, अजून वाजंत्रीवाले सापडायचे आहेत.

हे सगळं जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधलं, दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. भारतात फोन करायला अजून कॉलिंग कार्ड खरवडावं लागत होतं तेव्हाचं. निखिल आणि मी दोघंही पुण्याचे, दोघंही मेकॅनिकलवाले, दोघांनाही तिथल्याच एका कंपनीत नोकरी. स्टुटगार्टमध्ये घर शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला तेव्हा टेकडीवरचं हे घर मिळालं. तिथून ऑफिसला चालत जाता येई. इमारतीत चार बिऱ्हाडं. खालच्या दोघांशी आमचा संबंध ‘मॉर्गन’, म्हणजे सुप्रभात, म्हणण्यापुरता. आम्ही मधल्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर डग्लस, एकटेच.

उंच, जरा वाकलेले, साठी ओलांडलेले. बाराही महिने तेच तपकिरी बूट. अंगात घरी विणलेला करडा स्वेटर, त्याची एक बाही दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब. ती दुमडून ठेवत. बायकोने तो विणायला घेतला आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी दोघांचं भांडण झालं म्हणे. ती बोलेना, नुसती विणत राहिली. अबोला जेवढा लांबला तेवढी बाही लांबली, असं ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण सांगायचे असं की पुढच्या वेळी स्वेटर दिसला की माझं लक्ष आधी बाहीकडे जाई.

ते कवी आहेत हे आम्हाला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना इंग्रजीचे मास्तर समजत होतो, आणि ते होतेही. आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये जाऊन ते जर्मन इंजिनियरांना मीटिंगमधलं इंग्रजी शिकवत. वाईट बातमी देताना ‘दुर्दैवाने’ म्हणून सुरुवात करावी, एवढं शिकवायला मला अख्खा तास लागतो, असं म्हणायचे. इंजिनियर विचारतात, यात दैवाचा काय संबंध? पंप आम्ही चुकीचा बसवला. डग्लस हे हसून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, आल्झो, त्यांचंच बरोबर आहे. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, हा शब्द त्यांच्या इंग्रजीत इतका भिनला होता की तो जर्मन आहे हे त्यांना आठवतही नसावं.

मग एकदा आमच्या प्रोजेक्टसाठी इंग्लंडहून एक मुलगी आली होती, तिला आम्ही घरी जेवायला बोलावलं. खाली बेलवरचं नाव वाचून ती जिना चढून आली आणि दारातच म्हणाली, ते पिकरिल म्हणजे ते पिकरिल का? आम्हाला शाळेत होते! कालव्यावरची कविता. परीक्षेला हमखास यायची. निखिल म्हणाला, आमच्या वर राहणारे? ड्रिलवाले? त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव कविराज पडलं, अर्थात त्यांच्या माघारी.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून मी विचारलं, तर चोरी पकडली गेल्यासारखे लाल झाले. हो, पण त्याला फार वर्षं झाली, म्हणाले. मग हळूहळू, नेहमीच्या आडवाटांनी, कळत गेलं. इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरण्यांच्या गावचा मुलगा. पहिलं पुस्तक पंचविशीतच आलं आणि गाजलं. दुसरं आलं, त्याचं कौतुक झालं. तिसऱ्याचा आदर झाला, आणि आदर व्हायला लागला की समजायचं आटोपलं, असं ते म्हणत. तेवढ्यात एका जर्मन विद्यापीठात वर्षभराची नोकरी मिळाली म्हणून इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. लंडनच्या प्रकाशकाने काही वर्षं वाट पाहिली, मग पत्रं थांबली. शाळेच्या पुस्तकात मात्र त्यांच्या नावाखाली ‘समकालीन ब्रिटिश कवी’ असं छापलेलं राहिलं. मी एकदा म्हटलं, छान वाटत असेल ना. ते म्हणाले, समकालीन म्हणजे अजून मेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परत न जाण्याचं कारण गिझेला. ती गेर्लिंगेनची, इथल्याच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. हे घरही तिचंच, तिच्या आईवडिलांकडून आलेलं. निखिलने हे ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही घरजावई! मग घरजावई म्हणजे काय, तो जेवताना किती वाकून बसतो, मेहुणे त्याला काय काय कामं सांगतात, हे त्याने रंगवून रंगवून सांगितलं. डग्लस इतके खूष झाले की नंतर कितीतरी दिवस ते भेटेल त्याला ‘मी घरजावई’ अशीच ओळख करून देत. बेकरीतल्या बाईंना त्यांनी तो शब्द पाठ करायला लावला होता.

गिझेला आम्ही येण्याआधीच गेलेली. आम्ही तिचा साधा फोटोही पाहिला नव्हता. पण डग्लसनी जे जे काही सांगितलं, त्याच्या वाटेवर कुठेतरी ती उभी असे. भिंतीची गोष्ट सांगतानाही ती एका बाजूने येऊन जाई आणि भिंतीला कुठला रंग हवा ते सांगून जाई.

कविता ते तळघरात लिहीत. आमच्या त्या केलरमध्ये सगळ्यांची कपडे धुण्याची यंत्रं, सायकली, बटाट्याच्या पेट्या. तिथे दिव्याखाली इस्त्रीचं टेबल उभं करून, त्यावर कागद ठेवून, उभ्याने. गिझेला दुपारी दुकान बंद असताना झोपायची, आणि वर लाकडी जमीन करकरायची, म्हणून ते खाली गेले होते. ती गेल्यावरही खालीच राहिले. मी कपडे काढायला जाई तेव्हा ते बाजूला सरकत आणि म्हणत, आज चार ओळी काढल्या. मला आधी वाटायचं लिहिल्या. नाही, काढल्या. ते आयुष्यभर काढतच आले होते. आधी खूप लिहायचं आणि मग एकेक शब्द उचलून बाहेर टाकायचा. राहील ते घट्ट असलं पाहिजे, म्हणत.

एकदा त्यांनी त्यातली एक कविता मला वाचून दाखवली, तिथेच, यंत्राची घरघर थांबल्यावर. मी इंग्रजी कवितेतली तज्ज्ञ नाही. तिच्यात नदी होती, काळं पाणी होतं, ग्रीक पुराणातली दोन नावं होती, आणि एक स्त्री होती जी मागे वळत नव्हती. मी विचारलं, ही गिझेला का? ते म्हणाले, हो, तीच असायला हवी. मग कागदाकडे बघत राहिले. मला ती गिझेला वाटली नाही, पण मी काय बोलणार! कपड्यांची बादली उचलून वर आले.

त्यांची अडचण काय आहे हे त्यांनी मला पुढे बागेतल्या बाकावर सांगितलं. त्याही वेळी सुरुवात सफरचंदाच्या झाडापासून झाली, पण शेवटी ते आलेच. इंग्लंडमध्ये त्यांच्या एका जुन्या मित्राचं छोटं प्रकाशन होतं. तो आता दुकान बंद करणार होता, आणि शेवटच्या दोन-तीन पुस्तकांत डग्लसचं एक हवं म्हणून मागे लागला होता. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत दे, नाहीतर राहिलं. डग्लसना ते पुस्तक गिझेलाचं करायचं होतं. तिला भाऊबहीण नाही, आम्हाला मूल नाही, ते म्हणाले. दुकानातल्या जुन्या बायकाही एकेक करून गेल्या. “ती कशी होती हे माहीत असलेला मी शेवटचा माणूस आहे. मी गेलो की ती दुसऱ्यांदा जाईल, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येणार नाही.” एवढं ते सरळ बोलले, मध्ये एकही वळण न घेता, म्हणून मला ते चांगलंच लागलं. ती गेल्यापासून ते तिच्यावर लिहीत होते आणि काढत होते, आणि जे राहत होतं ते घट्ट होतं, फक्त त्यात गिझेला राहत नव्हती. हे त्यांनाही कळत होतं.

त्याच शरद ऋतूत माझे सासरे आले. अप्पा. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुण्यातल्या एका गायनमंडळाचे कैक वर्षं चिटणीस. बैठकीला पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायचं आणि जागा आली की ‘वा’ म्हणायचं, हा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा. गवई गाता गाता त्यांच्याकडे वळून बसत, असं सासूबाई असताना सांगायच्या. गेर्लिंगेनमध्ये अप्पा अगदी कंटाळून गेले. रस्त्यावर माणूस नाही, माणूस असला तर बोलत नाही. त्यांना कुठूनतरी कळलं की वर कवी राहतो.

“कवी डोक्यावर राहतो आणि तुम्ही अजून त्याला ऐकलं नाहीत?” ते म्हणाले. “काय माणसं आहात!”

झालं. दिवाळीच्या फराळाला आम्ही आसपासची मराठी मंडळी बोलावलीच होती. स्टुटगार्टची तीन-चार घरं आणि लुडविग्सहाफेनहून निखिलचा एक केमिस्ट मित्र, बायकोसह. अप्पांनी ठरवलं, शनिवारी दुपारी चहाफराळ आणि मग कविराजांची बैठक. डग्लस नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नाही.

अप्पांनी सोफा भिंतीला सरकवला, खाली पांढरी चादर घातली, गाद्यांच्या गुंडाळ्या करून लोड केले. डग्लसना मांडी घालता येईना, तेव्हा त्यांच्यासाठी पायाखालचं छोटं स्टूल आणलं. मग अप्पांनी कचेरीतल्या इंग्रजीत त्यांची ओळख करून दिली. ती इतकी लांबली की चिवडा मऊ पडायला आला. शाल झाली. एशियन शॉपमधून आणलेला नारळ झाला. डग्लसनी तो नारळ दोन्ही हातांत धरून ठेवला, कुठे ठेवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. शेवटी मी उठून घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. तिकडे कवितावाचनाची एक रीत असते. कवी प्रत्येक कवितेआधी थोडं बोलतो. ही कुठे सुचली, तेव्हा पाऊस होता का, वगैरे. ते बोलणं म्हणजे खोकून घ्यायची, खुर्ची सरकवायची वेळ. मग कविता सुरू झाली की सगळे चिडीचूप, आणि टाळ्या एकदम शेवटी. आपली रीत उलटी. आपण मधेच ‘वा’ म्हणणार, ओळ पुन्हा मागणार, आणि गप्प राहिलो तर समजायचं की आवडलं नाही. त्यातून डग्लसच्या कवितेत यमक नाही, चाल नाही, आवाजही ते बदलत नसत. कागदाकडे बघत असले की कविता आणि वर बघत असले की बोलणं, एवढाच काय तो फरक. आणि अप्पांचे तर डोळे मिटलेले.

पहिली कविता सगळ्यांनी शाळेतल्यासारखी ऐकली. दुसरीच्या आधी डग्लस वर बघून बोलू लागले. ही हिवाळ्यातली आहे, म्हणाले. बर्फ पडलं की गिझेलाला झोप लागत नसे. आपली झाडायची पाळी असो-नसो, ती उजाडायच्या आत खराटा घेऊन खाली जायची आणि फुटपाथ झाडायची. आपल्या घराची हद्द संपते तिथपर्यंत, अगदी सुतात. आणि मग तिथे उभी राहून शेजाऱ्याच्या हद्दीतल्या बर्फाकडे बघत राहायची. तिच्याने ते बघवत नसे आणि दुसऱ्याच्या कामाला हातही लावता येत नसे. मी वरून खिडकीतून बघायचो. जरा वेळाने ती मान वर करायची, मी बघतोय का ते पाहायला, आणि मी मागे सरायचो. दर वेळी मागे सरायचो. का ते मला माहीत नाही. एकदा तरी तिने मला पकडायला हवं होतं.

“वा!” अप्पा म्हणाले. “वा, वा! सर, प्लीज, वन्स मोअर.”

त्यांच्यामागून सगळेच वा म्हणाले. लुडविग्सहाफेनच्या केमिस्टच्या बायकोचे डोळे भरून आले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डग्लस गोंधळून म्हणाले, ही कविता नव्हती, कविता आता सुरू होतेय. मग त्यांनी खाली बघून कविता वाचली. बर्फ होतं, शांतता होती, ग्रीक नदी होती. मंडळी गप्प राहिली. चकली मोडल्याचा आवाज आला.

पुढच्या वेळी तसंच. त्यांनी सांगितलं, की दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्याला गिझेला दर आठवड्याला खोकल्याचं औषध द्यायची, त्याला खोकला नाही हे माहीत असून. तो बोलायला येतोय हे तिला कळत होतं, आणि औषध न घेता बोलत उभं राहायला तो लाजत होता. म्हणून ती बाटलीत नुसता मधाचा पाक भरून ठेवायची. अप्पांनी मांडीवर थाप मारली आणि पुन्हा घ्या म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, कविता संपली असं समजून. तिसऱ्या वेळी डग्लस बोलायला लागले तेव्हा निखिलच्या मित्राने अगदी अदबीने विचारलं, ही अजून प्रस्तावनाच आहे का सर? म्हणजे दाद कुठे द्यायची ते आम्हाला कळेल.

डग्लसनी कागद मिटले. डोकं दुखतंय, माफ करा म्हणाले, आणि शाल खांद्यावर तशीच घेऊन वर निघून गेले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मंडळी गेल्यावर मी अप्पांवर जवळजवळ ओरडलेच. अहो अप्पा, ती नुसती प्रस्तावना होती! अप्पांनी चष्मा पुसला.

“मग कविता कुठली होती?” त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

त्यानंतर डग्लस आम्हाला टाळायला लागले. जिन्यात भेटले तर ‘मॉर्गन’, की पुढे. तळघरात इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीला लावलेलं. मी एकदा फराळाचा डबा घेऊन वर गेले, तर दार अर्धंच उघडून आभार मानले. अप्पांना याचं फार वाईट वाटत होतं. गाणाऱ्याचा असा रसभंग मी आयुष्यात कधी केला नाही, म्हणत आणि पुन्हा पुन्हा विचारत की मी जाऊन माफी मागू का. मी म्हटलं, नका, तुम्ही पुन्हा वा म्हणाल.

अप्पांचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं तेव्हा एका सकाळी बेल वाजली. डग्लस. आत आले, आणि पहिल्यांदाच कुठल्याही मेहुण्याशिवाय, भिंतीशिवाय थेट विचारलं, की अप्पांना नक्की काय आवडलं होतं, ते मला ऐकायचंय.

दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले आणि मी मध्ये दुभाषी. अप्पा मराठीत बोलले, कारण त्यांना महत्त्वाचं बोलायचं होतं. आधी त्यांनी माफी मागितली, ती डग्लसनी हातानेच बाजूला सारली. मग अप्पा म्हणाले:

“तुमची कविता मला कळली नाही, हे खरं आहे. माझं इंग्रजी कचेरीतलं. पण तुमच्या पत्नीला मी आता रस्त्यात ओळखेन. खराटा घेऊन उभी असेल, दुसऱ्याच्या बर्फाकडे बघत.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. डग्लसनी टेबलावरचा चहाचा कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी प्यायल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. मग उठून अप्पांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. अप्पाच शेवटी म्हणाले, बसा हो, चहा येतोय.

अप्पा पुण्याला परत गेले. त्या हिवाळ्यात डग्लस रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. मी ऑफिसातून येऊन भाजी चिरायला बसे, ते समोर बसत आणि गिझेलाचं काहीतरी सांगत. आम्ही ऐकायचो, कारण ते छान सांगत. पण मधेच, गोष्ट ऐन रंगात असताना, उठायचे आणि तडक वर जायचे. निखिल म्हणाला, कविराजांचं वय झालं बहुतेक, गोष्ट विसरतात. माझ्या मात्र काही दिवसांनी लक्षात आलं. ते बोलताना माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. माझी सुरी थांबली की तेवढंच वाक्य घेऊन वर पळत. मला आधी रागच आला. मी काय प्रेशर गेज आहे? पण मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठी भाजी आणली, निवडायला वेळ लागेल अशी. काढणं त्यांनी सोडून दिलं होतं. ज्याला सुरी थांबेल ते ठेवायचं, बाकीचं वाहून जाऊ द्यायचं.

उन्हाळ्याच्या आत पुस्तक झालं. त्यात ग्रीक कुणी नव्हतं, नदी नव्हती. बर्फ होतं, मधाचा पाक होता, बाहीचा अबोला होता, जसं सांगितलं होतं तसं, फक्त ओळी तोडून. एका इंग्रजी वर्तमानपत्राने मोठं कौतुक केलं. दुसऱ्यात एकाने लिहिलं की हे वाचनीय आहे, पण याला कविता म्हणता येणार नाही. डग्लसनी ते कात्रण मला दाखवलं आणि म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर. मग हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

स्टुटगार्टच्या एका ग्रंथालयात वाचन झालं तेव्हा आम्ही दोघं गेलो. बरीच माणसं होती, सगळी मध्ये एकेक खुर्ची रिकामी सोडून बसलेली. डग्लसनी पहिली कविता वाचली आणि वर बघितलं, नेहमीसारखं. आता बोलतील, म्हणून लोकांनी खुर्च्या सरकवल्या. पण ते नुसते उभे राहिले. जे बोलायचं ते आत्ताच तर वाचून झालं होतं. त्यांनी पान उलटलं आणि दुसरी सुरू केली. खोकायला जागाच न मिळाल्यामुळे लोक बिचारे कवितेत खोकत होते. शेवटी टाळ्या भरपूर झाल्या. बायका रांग लावून सही घेत होत्या, आणि त्यातल्या एकीने त्यांना सांगितलं की गिझेला अगदी माझ्या आत्यासारखी. डग्लस तिच्याकडे असे बघत होते की मला वाटलं, आता हे तिला मिठी मारणार. तसं काही केलं नाही, सही केली.

जिंकले होते ते. पण जिना मात्र शांत झाला. आता ते दारात येत आणि म्हणत, ड्रिल मिळेल का? मी म्हणे, हो. की झालं. तसा माझा वेळ वाचत होता, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. एकदा न राहवून मी विचारलं, त्या मधाच्या पाकाच्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हो? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते थांबले, आठवल्यासारखं केलं, आणि हळू आवाजात म्हणाले, “ते पुस्तकात आहे.” तुसडेपणा नव्हता त्यात. पुस्तकात आहे, म्हणजे आता माझ्याकडे नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मला अप्पांचा जरा राग आला, आणि माझ्या सुरीचाही.

दोनेक वर्षांनी त्यांचे गुडघे जिना चढू देईनासे झाले. इंग्लंडात त्यांची बहीण एकटी होती, तिचं घर तळमजल्यावर. घर विकलं, सामान ट्रकने पुढे गेलं. ते शेवटच्या सकाळी एक बॅग घेऊन निघाले तेव्हा मी ऑफिसला उशिरा जाईन असं कळवून त्यांना ट्रामपर्यंत सोडायला गेले. गेर्लिंगेन हे लाइनचं शेवटचं स्टेशन. ट्राम रिकामी उभी असते, वेळ झाली की निघते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, तुम्ही चाललात, पण गिझेला आता कितीतरी लोकांना माहीत झाली. तुम्हाला जी भीती होती ती राहिली नाही. सगळी ती आहे पुस्तकात.

“सगळी नाही,” ते म्हणाले. “एक गोष्ट मी घातली नाही.”

मी वाट पाहिली. किती वर्षं मी या माणसाच्या गोष्टी उंबऱ्यात उभी राहून ऐकल्या होत्या, त्यामुळे पाय आपोआप थांबले. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलीही असती, त्यांचा माझ्यावर तेवढा लोभ होता. मी विचारलं नाही. बॅग वर चढवून दिली आणि म्हटलं, बसा, गाडी निघेल.

ते खिडकीपाशी बसले. दारं मिटली. मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत ते काहीतरी बोलत होते. अधूनमधून हात हलत होता, मधेच थांबून हसले, पुन्हा बोलू लागले. काचेतून मला एक शब्द ऐकू आला नाही. ट्राम वळणाआड गेली तेव्हाही त्यांचं बोलणं चालूच होतं.